डरहम बुल्सची मॅच बघायला जाताना: वार, जागा, पार्किंग आणि एक जुनी वखार

आमचं मूळ गाव निपाणी. तंबाखूच्या वखारींचं गाव. त्यामुळे बाबांना अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमच्या बेसबॉल पार्कात, म्हणजे बुल्स संघाच्या मैदानावर, पहिल्यांदा नेलं तेव्हा मैदानाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. रस्त्यापलीकडच्या विटांच्या लांबलचक इमारती, त्यांच्यातून वर गेलेलं धुराडं आणि पाण्याच्या टाकीवरची 'लकी स्ट्राइक' ही अक्षरं बघत ते फुटपाथवर उभेच राहिले. "ही वखार हाय व्हय रे?" म्हणाले. वखारच होती. अमेरिकन टोबॅको कंपनीचा सिगारेटचा कारखाना. 1987 मध्ये बंद पडला, बरीच वर्षं ओस पडून होता आणि 2004 पासून तिथे कचेऱ्या, खाण्याची ठिकाणं आणि मधून खळखळणारा एक कृत्रिम ओढा आहे.

त्या दिवशी आम्ही बाकी सगळं चुकवलं. आयत्या वेळी पोचलो, नको तिथे गाडी लावली, दोन तास उन्हाकडे तोंड करून बसलो. त्यानंतर आठ-दहा वेळा जाणं झालं. डरहमजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिलकडे नव्याने राहायला आलेली मंडळी, विशेषतः ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात येणार आहेत ती, अधूनमधून विचारतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो. माझं एकच म्हणणं आहे: मॅच साडेसहाची असली तरी तुमचा बेत साडेचारला सुरू झाला पाहिजे. बेसबॉल कळो न कळो, गावाच्या मधोमध असलेल्या पार्काची मजा त्या दोन तासांत असते.

आधी, हे नेमकं काय आहे

मायनर लीग म्हणजे हौशी किंवा दुय्यम खेळाडूंचा खेळ, असा समज घेऊन जाऊ नका. मोठ्या लीगमधल्या, म्हणजे एमएलबीतल्या, 30 संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ असतात, असे एकूण 120. सगळ्यांत वरची पायरी ट्रिपल-ए. डरहम बुल्स याच पायरीवर, 1998 पासून टँपा बे रेज या संघाच्या हाताखाली. आपल्याकडचा रणजी खेळाडू जसा कसोटी संघाच्या फोनची वाट बघतो, तशी इथली निम्मी पोरं रोज फोनची वाट बघत असतात. फरक पैशांत केवढा पडतो ते बघा. 2023 च्या करारानुसार ट्रिपल-ए खेळाडूचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर, आणि त्याच वर्षी मोठ्या लीगमधला किमान पगार 7,20,000 डॉलर. हा आकडा सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले. त्यानंतर प्रत्येक बॅटर मैदानात आला की "ह्याचा फोन आला न्हाई अजून?" असं चालू झालं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. अमुक खेळाडूला बघायचं म्हणून महिनाभर आधी तिकीट काढू नका. तो त्या दिवशी सकाळीच मोठ्या लीगमध्ये गेलेला असू शकतो. उलट, मोठ्या लीगमधला दुखापतीतून उठलेला एखादा नामवंत दोन-चार मॅचच्या सरावासाठी अचानक खाली येतो, तेव्हा साध्या मंगळवारीही गर्दी होते. असा मोठा खेळाडू आला की सगळ्या पोरांना चांगलं जेवण घालून जातो, अशी प्रथा आहे.

पहिली पायरी: वार

तारखेच्या आधी वार ठरवा. मोसम मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लागतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालतो. 2021 पासून वेळापत्रक सोपं झालंय. पाहुणा संघ साधारणपणे मंगळवारी येतो आणि रविवारपर्यंत ओळीने सहा मॅच खेळतो. सोमवारी सुट्टी. म्हणजे आठवडाभर तेच दोन संघ. पुढच्या आठवड्यात बुल्स कुठेतरी बाहेर.

मंगळवार-बुधवारी गर्दी कमी, रांगा कमी, आणि आईवडिलांना शांतपणे बसता येतं. माझी पसंती याच दोन वारांना. गुरुवारी देशभरातल्या मायनर लीग पार्कांत बिअर स्वस्त करायची रीत आहे, त्यामुळे तरुण पोरांचा गलका असतो. तुम्ही स्वतः त्या वयाचे असाल तर खुशाल जा, सासऱ्यांना नेऊ नका. शुक्रवारी बऱ्याचदा मॅचनंतर आतषबाजी असते. मुलांना आवडते, पण सगळं स्टेडियम एकाच मिनिटाला उठतं आणि पार्किंगमधून बाहेर पडायला मॅचच्या एका इनिंगएवढा (दोन्ही संघांची एकेक छोटी पाळी) वेळ लागतो. शनिवार भरलेला. रविवारची मॅच कधी दुपारची, कधी संध्याकाळची, म्हणून वेळ बघूनच तिकीट काढा. जुलैतल्या रविवारी भर दुपारी उघड्या खुर्चीत बसणं म्हणजे पापड वाळत घालण्याचा प्रकार. आठवड्यात एखादी मॅच सकाळी अकरा-बाराच्या सुमारास ठेवलेली दिसली तर ती शाळांच्या सहलींसाठी असते. हजारो मुलं एका सुरात किंचाळत असतात.

महिना म्हणाल तर मे किंवा सप्टेंबर. एप्रिलच्या रात्री फसव्या असतात. दुपारी टी-शर्ट पुरतो आणि सातव्या इनिंगला आई शालीत गुंडाळलेली असते. जुलैत दुपारचं तापमान 32 अंशांच्या आसपास जातं, वर दमटपणा, आणि संध्याकाळी वीज-वादळ कधीही. सप्टेंबरचा आणखी एक फायदा: गणपतीत आपले शनिवार-रविवार मंडळाच्या कार्यक्रमांत आणि घरोघरच्या आरत्यांत जातात, मंगळवार मात्र मोकळा असतो.

दुसरी पायरी: जागा, म्हणजे खरं तर ऊन

पार्कात साधारण 10,000 माणसं बसतात. त्यामुळे वाईट जागा अशी नाहीच. सगळ्यांत मागूनही पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, चेहऱ्यावरचा वैताग दिसतो. प्रश्न फक्त उन्हाचा. जूनअखेरीस इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. मॅच साडेसहा-पावणेसातला सुरू होते. म्हणजे पहिले दोन तास उन्हाचे, तेही तिरप्या, डोळ्यात घुसणाऱ्या उन्हाचे.

बेसबॉलच्या नियमपुस्तकातच एक शिफारस आहे. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तो चौकटीचा कोपरा; उजवीकडून मोजत बाकीचे तीन कोपरे म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा बेस) दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे बॅटरच्या डोळ्यात मावळतं ऊन येणार नाही. अशा मैदानात तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलेल्यांच्या पाठीशी सूर्य असतो, तिथे सावली आधी पोचते, आणि पहिल्या बेसच्या बाजूचे लोक कपाळावर हात धरून बसतात. पण गावाच्या मधे बांधलेली पार्कं रस्ते आणि जमिनीच्या आकाराप्रमाणे वळवलेली असतात, म्हणून ही शिफारस सगळीकडे तंतोतंत पाळलेली नसते. तेव्हा कुठल्याही शहरात जा, तिकीट काढण्याआधी एवढं करा: नकाशाच्या ॲपवर उपग्रहाचं चित्र उघडा. वरची बाजू उत्तर. मातीच्या चौकटीचं बसण्याच्या जागांकडे घुसलेलं टोक म्हणजे होम प्लेट. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेला थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. त्या दिशेला ज्यांची पाठ येते ते विभाग शोधा, आणि त्यातही वर छप्पर असलेल्या मागच्या ओळी. हे दोन मिनिटांचं काम आम्ही पहिल्यांदा केलं नव्हतं, आणि बायकोने त्याची आठवण अजून काढणं सोडलेलं नाही.

दुसरी गोष्ट चेंडूची. बॅटला तिरका लागलेला चेंडू प्रेक्षकांत येतो, आणि त्याचा वेग अंगावर घेण्यासारखा नसतो. होम प्लेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाळी लावलेली असते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर जाळीच्या मागेच बसा. जाळीतून दिसतं का, हा प्रश्न सगळे विचारतात. पाच मिनिटांनी जाळी आहे हेच विसरायला होतं. मुलीला चेंडू हवाच असेल तर जाळी संपते त्याच्या पुढे बसा आणि फोन खिशात ठेवा.

तिकीट ऑनलाइन काढलं तर सेवाशुल्क वर लागतं आणि ते फोनवर एमएलबी बॉलपार्क ॲपमध्ये येतं. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. एक जण गाडी लावायला गेला की बाकीचे दाराबाहेर ताटकळतात. आईचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच पायऱ्या उतराव्या लागणार नाहीत अशी वरची, चालण्याच्या वाटेलगतची ओळ घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी राखीव जागा वेगळ्या असतात, त्याही तेव्हाच निवडाव्या लागतात.

तिसरी पायरी: पोचायचं कसं

पार्क ब्लॅकवेल रस्त्यावर आहे, 147 हा महामार्ग लागूनच. कॅरीहून एरवी अर्धा तास. पण संध्याकाळी पाच ते साडेसहा आय-40 महामार्गावर रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीतून सुटलेली सगळी आयटी जनता असते, त्यात तुमच्या ओळखीचे निम्मे. म्हणून साडेचारला घर सोडायचं.

गाडी लावायला अमेरिकन टोबॅको कॅम्पसच्या (तोच जुना कारखाना) बहुमजली पार्किंगच्या इमारती आहेत, अगदी रस्त्यापलीकडे. निघण्याआधी एक तपासून घ्या. पार्कला लागूनच डरहम परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर हे मोठं नाट्यगृह आहे, 2008 पासूनचं. त्या रात्री तिथे ब्रॉडवेचा एखादा गाजलेला प्रयोग असेल तर दोन्हीकडचे प्रेक्षक एकाच इमारतीच्या एकाच उतारावर भिडतात. असं असेल तर चार-पाच गल्ल्या लांब, गावाच्या जुन्या भागात गाडी लावून चालत या. आम्ही पहिल्यांदा एका मोकळ्या प्लॉटवर, बाहेर हात हलवत उभ्या असलेल्या माणसाकडे रोख पैसे देऊन गाडी लावली. परत आलो तर काचेवर दंडाची चिठ्ठी. प्लॉटचा त्या माणसाशी काही संबंधच नव्हता. पैसे यंत्रात किंवा फोनवरून भरायचे आणि त्याची पावती ठेवायची, हा धडा त्यात मिळाला.

मुलं सोबत असतील तर माझा सल्ला आगगाडीचा. कॅरीहून अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची पिडमाँट गाडी डरहमला येते आणि स्टेशनपासून पार्क दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. जाताना मजा, येताना मात्र हिशोब करा. रात्रीची परतीची गाडी वेळापत्रकात आधी बघून ठेवा, कारण मॅच लांबली तर गाडी थांबत नाही. आम्ही जाताना गाडीने जातो आणि परतीला मित्राच्या गाडीत कोंबून येतो.

स्टेशनच्या थोडं पुढे ग्रेगसन रस्त्यावर एक रेल्वे पूल आहे, त्याबद्दल जरा विषयांतर. त्याची उंची होती 11 फूट 8 इंच. इशाऱ्याचे दिवे आणि पाट्या असूनही भाड्याच्या ट्रकांची छपरं तिथे डब्याचं झाकण उचकटावं तशी निघायची, म्हणून गावाने त्याला डबा उघडायची चावी असं नाव ठेवलं. 2019 मध्ये तो आठ इंच उचलला. तरी ट्रक अडकतातच. घर बदलण्याच्या दिवशी मोठा ट्रक घेऊन मॅचला येण्याचा विचार असेल तर त्या रस्त्याने येऊ नका.

चौथी पायरी: मॅचआधीचे दोन तास

गाडी लावली की आधी कॅम्पसमध्ये फिरा. बुल्स हे नाव कुठून आलं ते तिथे कळतं. अमेरिकेतल्या गृहयुद्धानंतर ब्लॅकवेलच्या कंपनीने 'बुल डरहम' नावाची तंबाखू विकायला काढली, पिशवीवर बैलाचं चित्र. त्या बैलावरून गावाचं टोपणनाव बुल सिटी, आणि 1913 पासून संघ बुल्स. त्याआधी 1902 मध्ये संघ निघाला तेव्हाचं नाव तर सरळसरळ 'टोबॅकोनिस्ट्स', म्हणजे तंबाखूवाले. बाबा म्हणाले, निपाणीत संघ निघाला असता तर आपणही हेच नाव ठेवलं असतं. विटांच्या भिंती, जाड तुळया, माल चढवायचे फलाट हे सगळं त्यांना इतकं ओळखीचं वाटलं की ओढ्याकाठच्या बाकावर बसून त्यांनी मला वखारीतली कामं, पाला चाळणाऱ्या बायका, हमाल आणि वजनकाट्यावरची भांडणं सांगितली. ही गोष्ट त्यांनी मला निपाणीत कधी सांगितली नव्हती.

ज्यांना चालायची हौस आहे त्यांच्यासाठी अमेरिकन टोबॅको ट्रेल इथूनच सुरू होते. जुन्या रेल्वेमार्गावरची 22 मैलांहून लांब वाट. अर्धा तास जाऊन परत फिरा. संघाचं जुनं मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून उभं आहे, तिकिटाच्या खिडकीवर शंकूसारखं टोपरं असलेलं. पुढे मोठ्या लीगमध्ये गाजलेला चिपर जोन्स 1992 मध्ये तिथेच खेळला. आताचं पार्क 1995 चं.

दारं साधारण तासभर आधी उघडतात. पिशव्यांचे नियम दर मोसमात बदलतात, म्हणून आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर बघा. शंका असेल तर छोटी, पारदर्शक पिशवी न्या. रोख पैसे चालतीलच असं धरू नका, कार्ड जवळ ठेवा. मुलीला सह्या हव्या असतील तर जाड काळा मार्कर आणि वही घेऊन दार उघडल्याबरोबर डगआउटजवळच्या (खेळाडू बसतात ती जागा) कठड्याशी जाऊन उभं राहायचं. खेळाडू ओळखीचा नसला तरी हरकत नाही. दोन वर्षांनी तो टीव्हीवर दिसतो आणि मग वहीला भाव येतो.

खाणं

आईचा पहिला प्रश्न हाच असतो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, असं धरून चला. औषधासाठी किंवा तान्ह्या बाळासाठी लागणारं असेल तर दारावर सांगा. दशम्यांचा डबा कॅम्पसमधल्या ओढ्याकाठी, मॅचच्या आधी उघडायचा. आम्ही तेच करतो. शाकाहारी माणसाला आत सालासकट भाजलेल्या शेंगा, पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झल, लिंबूसरबत, आइस्क्रीम एवढं नक्की मिळतं. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन तळतात का, ते विचारून घ्या. खिडकीवरची पोरं खरं सांगतात. पहिल्या दोन इनिंगमध्ये रांगा सगळ्यांत लांब असतात. तिसऱ्या इनिंगला, आपला संघ बॅटिंग करत नसताना उठावं. शेंगांची टरफलं खुर्चीखाली टाकायची इथे सर्रास पद्धत आहे. बाबांनी मात्र ती सगळी कागदात गोळा केली, शेवटपर्यंत.

पाचवी पायरी: क्रिकेटवाल्यांनी बघायचं काय

नियम सगळे पाठ करायला जाऊ नका, एवढं पुरे. एकूण नऊ इनिंग, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी. तीन बाद झाले की पाळी संपली. यजमान नेहमी दुसऱ्यांदा बॅटिंग करतात, आणि नवव्या इनिंगला ते आधीच पुढे असतील तर त्यांची पाळी होतच नाही, पाठलाग पूर्ण झाल्यावर आपणही उरलेली षटकं खेळत नाही तसं. मागे मारता येत नाही. होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन पांढऱ्या रेघांच्या आतच चेंडू गेला पाहिजे. आणि आत गेला तर पळावंच लागतं. 'नको, थांब' हा प्रकार नाही. बाबांना हे सगळ्यांत खटकलं. "बचाव म्हणून काय चीजच न्हाई?" आहे, पण वेगळ्या तऱ्हेने: चांगला बॅटर चेंडू सोडून देतो. चार वाईट चेंडू सोडले की फुकट पहिला बेस. दहाव्या चेंडूपर्यंत पिचरला झुंजवणारा बॅटर बघा, त्यात तुम्हाला राहुल द्रविड सापडेल.

पिचरच्या मागे घड्याळ उलटं धावताना दिसेल. बेसवर कोणी नसेल तर साधारण पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, कोणी असेल तर थोडे जास्त सेकंद. या घड्याळामुळे पूर्वीची तीन तासांची मॅच आता पावणेतीन-अडीच तासांत संपते. आणि मधेच एखादा खेळाडू स्वतःच्या डोक्यावर टपली मारताना दिसला तर डोकं दुखत नाहीये त्याचं. चेंडू चांगला की वाईट यावरचा पंचाचा निर्णय त्याला मान्य नाही. लगेच पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि निकाल लागतो. अशी दाद मोजक्याच वेळा मागता येते, बरोबर ठरली तर संधी शिल्लक राहते. बाबा ओरडलेच, "डीआरएस!" ट्रिपल-ए ही अशा प्रयोगांची जागा. इथे घासूनपुसून झाल्यावर ही पद्धत 2026 पासून मोठ्या लीगमध्ये गेली.

या पार्कापुरतं बघायचं म्हणजे डाव्या बाजूची भिंत. 32 फूट उंच, निळी, होम प्लेटपासून 305 फुटांवर, म्हणजे सुमारे 93 मीटर. बॉस्टनच्या बेसबॉल मैदानातल्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीची धाकटी बहीण. तिच्यासारखाच हाताने आकडे लावायचा धावफलक हिच्यावरही आहे. एरवी षटकार ठरला असता असा चेंडू या भिंतीवर आदळून खाली पडतो आणि सगळं स्टेडियम एकदम हळहळतं. भिंतीच्या वर भलामोठा लाकडी बैल. जुन्या मैदानात 1988 च्या एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी तसा बैल पहिल्यांदा उभा केला होता, तो लोकांना इतका आवडला की कायमचा झाला. बुल्सच्या खेळाडूने होम रन, म्हणजे इथला षटकार, मारली की बैलाचे डोळे लाल होतात, नाकातून धूर येतो, शेपूट हलते. खाली लिहिलंय: बैलाला चेंडू मारा, स्टेक मिळवा, गवताला मारा, सॅलड मिळवा. आमच्या मुलीचं म्हणणं, शाकाहारी बॅटरने गवताचाच नेम धरावा.

इनिंगच्या मधल्या वेळात मैदानात काही ना काही चाललेलं असतं. बैलाच्या सोंगातला वूल ई. बुल मुलांबरोबर धिंगाणा घालतो, प्रेक्षकांतल्या कोणाला तरी बोलावून शर्यती लावतात. लहान मुलांसाठी तीच मॅच. सातव्या इनिंगच्या मधोमध सगळे उठून उभे राहतात आणि 1908 सालचं एक गाणं म्हणतात. शब्द येत नसले तरी उठा, आईच्या गुडघ्यांनाही तेवढी मोकळीक. सुरुवातीला राष्ट्रगीत असतं तेव्हा टोपी काढायची. एवढे दोन रिवाज. आणि बॅटर खेळत असताना जिन्यावरून जागेकडे येऊ नका, तो चेंडू होईपर्यंत वरच थांबा.

पाऊस आला तर

घाबरून घरी निघू नका. उन्हाळी वादळ बहुतेकदा पाऊण तासात ओसरतं. ताडपत्री ओढणारी पोरं बघणं हाही एक खेळ आहे. वरच्या छपराखाली जाऊन उभं राहा. मॅच रद्दच झाली तर दुसऱ्या दिवशी दोन मॅच लागोपाठ लावतात, सात-सात इनिंगच्या. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, त्याच मोसमातल्या दुसऱ्या मॅचसाठी तिकीट बदलून मिळतं. आईवडिलांच्या परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची मॅच म्हणूनच घेऊ नये.

निघताना

शेवटचा गडी बाद झाला की उठू नका. पार्किंगच्या इमारतीत वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसण्यापेक्षा कॅम्पसमधल्या ओढ्याकाठी बसावं. गेल्या खेपेला आम्ही तसेच बसलो होतो. तिरका लागलेला एक चेंडू दोन ओळी पुढे पडून घरंगळत बाबांच्या पायाशी आला होता, तो त्यांच्या हातात होता. लाल टाके अंगठ्याने चाचपत होते. चेंडू उचलल्यावर त्यांनी तो परत द्यायला मैदानाकडे हात उंचावला होता, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने हसत त्यांचा हात खाली केला, ठेवा म्हणाली. तिथून पुढे तो त्यांनी खिशातही घातला नाही.

पार्किंगमधली रांग संपली, तशी मी किल्ली काढली. बाबा उठेनात.

"उद्या बी हीच टीम हाय म्हणालास न्हवं?"